केळीचा तंतू पीपीत मिसळताना: आधी पाण्याचं बघा, केमिकलचं नंतर

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. रबाळ्याला इंजेक्शन मोल्डिंगचा गाळा. रावेरला सासरची केळीची बाग. घड उतरवला की खोडं बांधावर टाकून दिली जातात. त्यांच्या सोपटांतला (खोडाच्या पदरांतला) तंतू काढून, कापून, पीपीच्या (पॉलीप्रोपिलीन या प्लास्टिकच्या) दाण्यात शेकडा ४० मिसळला आणि वाशीच्या एपीएमसीत फिरतात तसले क्रेट काढून पाहिले. माल तपकिरी पडला, अंगावर चंदेरी रेघा उठल्या, करवतीने कापल्यावर आत बुडबुडे दिसले आणि खाली टाकल्यावर कोपरे तडकले. आता विचारणा अशी, की कोणतं केमिकल टाकलं म्हणजे जमेल, ग्लास फायबरऐवजी हे चालेल का, कच्च्या मालाचा खर्च निम्म्यावर येईल का, आणि क्रेटवर ‘जैवविघटनशील’ छापता येईल का.

मी महापेला कंपाउंडिंगमध्ये, म्हणजे प्लास्टिकमध्ये भरण मिसळून दाणा करण्याच्या धंद्यात आहे. टाल्क (शंखजिऱ्याची पूड), कॅल्शियम कार्बोनेट, ग्लास हे आमचं रोजचं. पण दर मोसमात कोणी ना कोणी काथ्या, भाताचा तूस, उसाची चिपाडं नाहीतर केळीचा तंतू पोत्यात भरून घेऊन येतंच, त्यामुळे या मालाशी बऱ्यापैकी झटापट झालेली आहे. तुमची मशीन कोणती, पीपीची ग्रेड कोणती, तंतू यंत्रावर काढला की कुजवून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा पुढचे आकडे सुरुवात करण्यापुरते धरा, तुमच्याकडे ते थोडे इकडे-तिकडे होतील.

तुम्ही विचारलंय केमिकलचं. पण रेघा आणि बुडबुडे हे पाण्याचं काम आहे, तपकिरी रंग तापमानाचा आहे, आणि कोपरे तडकायला निम्मं कारण तंतू नीट न चिकटणं आणि निम्मं कारण क्रेट ही वस्तूच आहे. केमिकलचा नंबर या रांगेत शेवटचा. आज ते विकत आणून टाकलंत तर पैसे जातील आणि क्रेट पुन्हा तसेच तडकतील.

तर आधी पाणी. उन्हात वाळवलेला तंतू हाताला कोरडा ठाक लागतो, पण तो कोरडा नसतो. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट ठासून भरलेले असतात, आणि ते हवेतली वाफ धरून ठेवतात. आपल्याकडे साध्या दिवसांत असा तंतू ८ ते १० टक्के पाणी बाळगून असतो; जुलैत खाडीकाठच्या हवेत उघड्यावर ठेवलात तर त्याहून जास्त. आता हिशेब करा. एक किलो मालात तंतू ४०० ग्रॅम, त्यात १० टक्के पाणी, म्हणजे ४० ग्रॅम. एवढ्याशा पाण्याची १९० अंशांवर मोकळ्या हवेच्या दाबाला ८० लिटरहून जास्त वाफ होते. तुमच्या इंजेक्शन मशीनच्या बॅरलला ती जायला वाटच नाही. हॉपरकडून थोडीफार निसटते, बाकीची वितळलेल्या मालात कोंडून साच्यात शिरते. पृष्ठभागावर घासत गेली की चंदेरी रेघ, जाड भागात अडकली की बुडबुडा. साचा तपासू नका, गेट (साच्यात माल शिरतो ते तोंड) बदलू नका, त्यांचा यात काही दोष नाही.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. शंभर ग्रॅम तंतू स्टीलच्या पसरट ताटलीत पसरून १०५ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा, तासा-तासाने वजन करा, आणि लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबा. जितके ग्रॅम गेले तितके टक्के पाणी. कंपाउंडिंगला जाताना हा आकडा एकच्या खाली हवा, शक्यतो अर्ध्याच्या. त्यासाठी ट्रे ओव्हनमध्ये पातळ थर देऊन १०० ते १०५ अंशांवर चार ते सहा तास लागतात. थर जाड असेल तर वरचा तंतू वाळतो आणि खालचा आपल्याच वाफेत उकडत राहतो, म्हणून अधूनमधून उलटापालट करावी लागते. वाळवलेला तंतू गरम असतानाच मशीनला जायला हवा, नाहीतर आत जाड प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पोत्यात तोंड बांधून राहायला हवा. जेवायला गेलात आणि पावसाळ्यात ट्रे उघडा राहिला, तर परत येईपर्यंत त्याने बरंच पाणी ओढलेलं असतं. आणि एक सावधगिरी: कोरडा बारीक तंतू आणि त्याची धूळ पेट घ्यायला टपलेली असते. रात्रभर ओव्हन चालू ठेवून शटर ओढून घरी जाण्याची पद्धत पीपीच्या दाण्याला खपते, इथे नाही.

आता रंग. वनस्पतीचा तंतू दोनशे अंशांच्या आसपास बिघडायला लागतो. आधी हेमिसेल्युलोज तुटतं, मग बाकीचे. माल बिघडतोय हे डोळ्यांआधी नाकाला कळतं: नोझलपाशी काकवी करपल्यासारखा गोडसर, झोंबणारा वास येतो. पीपी १६५ अंशांच्या सुमाराला वितळतं, तेव्हा १७५ ते १९० या पट्ट्यात काम उरकायचं. नेहमीच्या पीपीला २२०-२३० ठेवायची सवय असलेल्या ऑपरेटरला हे सांगूनही पटत नाही, कारण माल जड वाटतो आणि त्याचा हात आपोआप तापमानाच्या बटणाकडे जातो. तापमान वाढवण्याऐवजी जास्त मेल्ट फ्लोची, म्हणजे वितळल्यावर सहज वाहणारी, ग्रेड घ्या. पडद्यावरचा आकडा पाहून समाधान मानू नका. स्क्रूच्या घर्षणाने वितळलेल्या मालाचं खरं तापमान त्यापेक्षा दहा-पंधरा अंश वर असू शकतं, म्हणून स्क्रूचा वेग आणि बॅक प्रेशर (स्क्रू मागे सरताना त्यावर ठेवलेला दाब) दोन्ही कमी ठेवा. सुट्टीत बॅरलमध्ये हा माल अजिबात ठेवायचा नाही, साध्या पीपीने धुऊन काढायचा. तापमानाच्या याच कारणामुळे नायलॉन आणि पेट (पीईटी, बाटल्यांचं प्लास्टिक) या रस्त्याला जात नाहीत. नायलॉन ६ वितळतं २२० च्या पुढे, पेट २५० च्या आसपास, आणि तोवर तुमचा तंतू कोळशाच्या वाटेला लागलेला असतो. पीपी आणि एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिलीन) हेच आपले गडी.

तिसरी गोष्ट, तुमच्या पद्धतीबद्दल. कापलेला तंतू तुम्ही दाण्यात हाताने कालवून थेट इंजेक्शन मशीनच्या हॉपरमध्ये टाकलात, असं मी धरून चालतो. हे जमत नाही. इंजेक्शनचा स्क्रू वितळवतो आणि ढकलतो, त्याला तंतू सुटे करता येत नाहीत. शिवाय दाणा जड आणि तंतू हलका, त्यामुळे हॉपरमध्येच दोघे वेगळे होतात, घशाशी तंतूची गाठ अडकते, आणि एका शॉटमध्ये (साचा एकदा भरताना) १० टक्के तर पुढच्यात ५० टक्के जातो. आधी ट्विन स्क्रूवर, म्हणजे दोन स्क्रू शेजारी फिरून माल मिसळतात त्या मशीनवर, दाणा करून घ्यावा लागतो. त्यात पीपी मागून वितळून येतं, तंतू पुढे बाजूच्या फीडरने आत जातो आणि व्हॅक्यूमच्या व्हेंटमधून उरलीसुरली वाफ निघून जाते. टीटीसीत (आपल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात) जॉबवर्कवर कंपाउंडिंग करून देणारे आहेत, पण सुट्या तंतूचं पोतं पाहिलं की बहुतेक जण हात वर करतात. फीडरमध्ये तो कापसासारखा गोळा होतो आणि नंतर मशीन साफ करताना जीव जातो. दुसरा मार्ग रबर आणि ईव्हीएवाल्यांकडे (चपलांच्या फोमवाल्यांकडे) असतो त्या नीडरचा, म्हणजे कणकेसारखा माल मळणाऱ्या यंत्राचा. तो असला फुललेला माल मुकाट्याने पोटात घेतो. बाहेर येणारा गोळा थंड करून ग्राइंडरवर फोडायचा. लहान चाचणीला मी हेच सुचवेन. दाणा पाण्याच्या टाकीतून काढला असेल तर मोल्डिंगच्या आधी तोही पुन्हा वाळवावा लागतो; पीपी वाळवावं लागत नाही ही सवय इथे नडते.

आता केमिकलकडे येऊ. पीपी तेलकट स्वभावाचं, तंतू पाणीप्रिय. दोघांना एकमेकांशी देणंघेणं नाही. मध्ये लागतं ते मॅलिक अनहायड्राइड जोडलेलं पीपी, ज्याला धंद्यात एमएपीपी म्हणतात. त्याचं अनहायड्राइडचं टोक तंतूच्या हायड्रॉक्सिलशी रासायनिक बंध करतं आणि पीपीची लांब शेपटी बाकीच्या पीपीत गुंतून बसते. एकूण मालाच्या २ ते ४ टक्के पुरतं. दुप्पट टाकल्याने दुप्पट चिकटत नाही, उलट माल मऊ पडू शकतो. आणि इथे पुन्हा पाणीच आडवं येतं. ओल्या तंतूत अनहायड्राइड आधी पाण्याशीच भिडून आम्ल होऊन बसतं आणि तंतूला धरायला ते तितकंसं कामाचं राहत नाही. म्हणून म्हटलं की न वाळवता एमएपीपी टाकणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, आणि या वेळी अगदी अक्षरशः.

शोधनिबंधांत तुम्हाला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया सापडेल: २ ते ५ टक्क्यांच्या द्रावणात काही तास, मग सौम्य अॅसेटिक आम्लात उदासीन करून भरपूर पाण्यात धुणं. ती काम करते यात शंका नाही. वरचा मेणचट थर आणि हेमिसेल्युलोज निघतं, तंतू खरबरीत होतो, सुटा होतो. पण प्रत्येक किलोमागे जे काळपट, अल्कधर्मी पाणी उरतं ते रबाळ्याच्या गाळ्यातून गटारात सोडता येत नाही. तुमचं संमतीपत्र कोरड्या मोल्डिंगसाठीचं असेल तर धुण्याचं काम सुरू करण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाचा विषय उभा राहतो. माझा सल्ला: सोडा विसरा. त्याऐवजी रावेरलाच, यंत्रावर तंतू काढल्या काढल्या स्वच्छ पाण्यात खळखळून धुवा, रस आणि गर निघेपर्यंत विंचरा आणि सावलीत वाळवा. गर राहिलेला तंतू ओव्हनमध्ये चिकट होतो, बॅरलमध्ये आधी करपतो आणि रंगाची निम्मी तक्रार तिथूनच येते.

चिकटलं की नाही हे कसं कळणार? लॅबकडे जाण्याआधी एक सोपी तपासणी करा. पातळ पट्टी फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवून काढल्या काढल्या पक्कडने मोडा आणि तुटलेला पृष्ठभाग दागिने तपासायच्या दहापट भिंगाखाली बघा. तंतू पट्टीतून केसांसारखे बाहेर लोंबतायत, अंगाने अगदी स्वच्छ आहेत आणि समोरच्या तुकड्यात त्यांच्या जागी गोल भोकं दिसतायत, तर काहीच चिकटलेलं नाही. तंतू नुसता खोचून ठेवला होता. तंतू पृष्ठभागालगत तुटलेत, बाहेर आलेल्या टोकांवर पांढरट प्लास्टिक लागलेलं आहे, तर एमएपीपी कामाला लागलंय. पांढऱ्या पीपीत गडद तंतूंचे झुपके दिसले तर मिसळणं कमी पडलंय. ही तिन्ही चित्रं एकदा डोळ्यात बसली की अर्धे प्रश्न कोणाला विचारावे लागत नाहीत. तुमच्या आत्ताच्या क्रेटचा तुकडा असा मोडून बघा; मला वाटतं पहिलं आणि तिसरं, दोन्ही दिसतील.

ग्लास फायबरच्या जागी चालेल का? नाही. नैसर्गिक तंतू काचेच्या तोडीस तोड असतात हे वाक्य जिथून आलंय तिथे बहुधा जवस किंवा भांगेचा तंतू आणि तोही वजनाच्या मानाने तोललेला असतो. ई-ग्लासचा (नेहमीच्या ग्लास फायबरचा) ताठरपणा ७० गिगापास्कलच्या पुढे, घनता २.५५. केळीचा तंतू काचेच्या निम्म्यालाही पोचत नाही आणि एकाच खोडाच्या आतल्या-बाहेरच्या सोपटांत बराच फरक पडतो. ३० टक्के ग्लासचं पीपी ताणात ८०-९० मेगापास्कल सहज देतं. तुमच्या तंतूचं, सगळं नीट केलंत तरी, साध्या पीपीच्या ३०-३५ च्या थोडं वर जाईल. वाढतो तो ताठरपणा, साध्या पीपीच्या जवळपास दुप्पट, आणि तोच तुमचा खरा माल आहे. घटतं काय, तर ताणल्यावर लांबण्याची क्षमता. साधं पीपी तुटण्याआधी कितीतरी लांबतं. भरलेलं दोन-पाच टक्क्यांत तुटतं. त्यात ट्विन स्क्रू आणि इंजेक्शन अशा दोन चरकांतून गेल्यावर तंतूची लांबी मिलिमीटरच्या आत येते, मग तुम्ही सहा मिलिमीटर कापा की बारा. लांबी टिकवायचीच असेल तर इंजेक्शन सोडून तंतू आणि पीपीच्या धाग्यांची सुईकाम केलेली नमद्यासारखी चादर करून ती तापवून दाबायची, मोटारीच्या दाराच्या आतल्या पॅनलला करतात तशी. तो वेगळा धंदा आहे, वेगळी मशीन आहे.

म्हणून क्रेट हा सगळ्यांत वाईट पर्याय निवडलाय असं मला वाटतं. एपीएमसीत क्रेट ट्रकमधून फेकला जातो, भाजीच्या पाण्याने दिवसभर ओला राहतो आणि रिकामा झाला की उन्हात पडतो. धक्का, पाणी, ऊन, तिन्ही या मालाचे वैरी. साधं पीपी २४ तासांत शतांश टक्क्यांच्या घरातच पाणी घेतं. तंतू भरलेला माल आठवड्यागणिक पीत जातो आणि कापलेल्या, घासलेल्या कडेपासून फुगायला लागतो. शिवाय क्रेटला खिडक्या किती! प्रत्येक खिडकीपलीकडे दोन प्रवाह भेटतात, तिथे वेल्ड लाइन पडते आणि त्या रेषेवर तंतू आडवे ओलांडण्याऐवजी रेषेला समांतर झोपतात. म्हणजे जोड तिथे नुसत्या पीपीपेक्षाही कमकुवत. तुमचे कोपरे तिथेच तडकले असणार.

मोठ्या कंपन्यांनी काय निवडलं ते बघा. फोर्डने २०१० च्या फ्लेक्स गाडीत गव्हाच्या काडाचं २० टक्के भरलेलं पीपी वापरलं ते मागच्या रांगेतल्या सामानाच्या कप्प्यांसाठी. कोरडी जागा, आपटाआपटी नाही, कोणी रंग बघत नाही. पूर्व जर्मनीच्या ट्राबांटची बॉडी १९५७ पासून १९९१ पर्यंत कापसाच्या टाकाऊ तंतूवर निघत होती, पण ती फिनॉलिक रेझिनमध्ये गरम दाबून केलेली, एकदा घट्ट झाली की पुन्हा न वितळणारी. पुनर्वापर करायला ती आजतागायत डोकेदुखी आहे. तुम्हाला जी वस्तू शोधायची ती पहिल्या प्रकारची: कपड्यांचे हँगर, ब्रशचे ठोकळे, ड्रॉवरच्या आतल्या बाजू, फोटोच्या चौकटी, यंत्राच्या आतली झाकणं. गडद रंग ठेवा. तपकिरी, काळा, विटकरी. फिकट रंगात हा माल कधीच एकसारखा निघत नाही.

आता पैशांचं. तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी तेच आहे. खाली दर मी हिशेबाला सोपे जावेत म्हणून धरलेत, तुमचे घाला. पीपी १०० रुपये किलो, एमएपीपी २०० रुपये, कंपाउंडिंगची मजुरी किलोला १५ रुपये, आणि धुतलेला, विंचरलेला, वाळवलेला, कापलेला तंतू रबाळ्यात पोच ५० रुपये. मिश्रण ६७ टक्के पीपी, ३० टक्के तंतू, ३ टक्के एमएपीपी. किलोला पडतात ६७ अधिक १५ अधिक ६ अधिक १५, म्हणजे १०३ रुपये. इथेच दर पीपीच्या वर गेला. पण खरी मेख पुढे आहे. तुम्ही वस्तू किलोवर विकत नाही, नगावर विकता, आणि साचा भरतो तो लिटरच्या मापाने. पीपीची घनता ०.९०५, तंतूची १.४ धरली तर मिश्रणाची येते १.०१. म्हणजे त्याच साच्यात नग बारा टक्के जड. लिटरमागे साधं पीपी साडेनव्वद रुपयांचं, तुमचं मिश्रण १०४ रुपयांचं. आता तंतू फुकट धरा, अगदी शून्य रुपये. तरी लिटरला ८९ रुपये पडतात. सासरहून फुकट आलेल्या तंतूने लिटरमागे दीड रुपया वाचला, आणि त्यात ओव्हनचं वीजबिल धरलेलंच नाही.

आणि तंतू फुकट नसतोच. केळीच्या खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. ढोबळमानाने शंभर किलो खोडामागे एक-दोन किलो तंतू हाती लागतो. बाकीचा चोथा आणि रस तिथेच शेतात जिरवावा लागतो, तेव्हा यंत्र रावेरलाच हवं. मग चारशे किलोमीटरच्या वर वाहतूक, आणि तीही अशा मालाची जो ट्रक भरतो पण काटा हलवत नाही. गाठी दाबून बांधल्याशिवाय हा व्यवहार बसत नाही.

मग फायदा कुठे आहे? ताठरपणात. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. मालाचा ताठरपणा दुप्पट झाला तर तेवढाच कडक नग सुमारे वीस टक्के पातळ करता येतो. लिटरचे १०४ रुपये तिथे ८३ वर येतात आणि साध्या पीपीच्या साडेनव्वदच्या खाली जातात. वर थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे सायकल टाइममध्येही सुटतं. अट एवढीच, की नग धक्का खाणारा नको आणि साचा नवीन पातळ भिंतीचा हवा. जुन्या क्रेटच्या साच्यात हा फायदा मिळायचा नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर नुसता ताठरपणाच हवा असेल तर राजस्थानचा टाल्क हेच काम करतो, त्याला ओव्हन लागत नाही आणि तो कधी करपत नाही. टाल्कच्या तुलनेत तंतूची जमेची बाजू म्हणजे वजन: ३० टक्के टाल्कने घनता १.१३ होते, तंतूने १.०१. गिऱ्हाईक वजनाला किंवा ‘शेतातून आलेला माल’ या गोष्टीला पैसे मोजणार असेल तरच या भानगडीत पडा.

जवळपासचं काही बघायचं असेल तर भाताचा तूस. मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या गिरण्यांत तो निघतो, दळून चाळला की पिठासारखा फीडरमधून सरकतो, गाठी होत नाहीत. मात्र तो तंतू म्हणून नाही, भरण म्हणून जातो. ताठरपणा देईल, ताणशक्ती घटवेल. आणि त्यात वजनाच्या पंधरा ते वीस टक्के सिलिका असते, ती स्क्रू आणि बॅरल कानशीसारखी खाते. बायमेटॅलिक बॅरल (आतून झीज न होणाऱ्या कठीण धातूचा थर असलेलं) नसेल तर तूस दाराआत घेऊ नका. काथ्या लवचिक आहे, बराच ताणला जातो, त्याने धक्का सोसण्याला थोडी मदत होते. पण लिग्निन चाळीस टक्क्यांच्या पुढे, त्यामुळे ताठरपणा फारसा मिळत नाही. उसाच्या चिपाडांकडे टाकाऊ म्हणून बघू नका. साखर कारखान्याच्या बॉयलरला ती लागतात, कागदवाल्यांनाही लागतात, त्यामुळे त्यांचा भाव जळणाच्या भावाने हलतो. तुसाचंही थोड्याफार फरकाने तेच. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर काम करायचं असेल तर माटुंग्याला १९२४ पासून असलेल्या सिरकॉट या संस्थेने पऱ्हाट्यांच्या पार्टिकल बोर्डाचं तंत्र बसवलेलं आहे. तिथे जाऊन बघण्यासारखं आहे, तुमच्याकडून लोकलने तासाभराच्या आसपास.

‘जैवविघटनशील’ छापू नका. तंतू कुजेल, पीपी कुजणार नाही. मातीत पडल्यावर उरतील ते प्लास्टिकचे सच्छिद्र तुकडे, म्हणजे साध्या पीपीपेक्षा वाईट. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकला आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ ची कसोटी आहे आणि पीपीचं कोणतंही मिश्रण तिथे बसत नाही. उद्या कोणी सुचवेल की यातून चमचे, थाळ्या काढा: १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या यादीत त्या आहेत, आणि तीस टक्के केळी घातल्याने सूट मिळत नाही. छापायचंच तर ‘३० टक्के शेतीजन्य तंतू’ एवढं खरं छापा. पुनर्वापराच्या वेळीही हा माल साध्या पीपीच्या ग्राइंडिंगमध्ये जाऊ देऊ नका. भंगारवाला तो ओळखणार नाही आणि पुढच्याच्या बॅचमध्ये करपट ठिपके येतील. तुमच्या गाळ्यातला रनर (साच्याच्या वाटेत उरणारा टाकाऊ माल) वेगळ्या पोत्यात ठेवा.

पुढची चाचणी अशी करा. ४० टक्के विसरा, २० वर या. नुसत्या होमोपॉलिमरऐवजी (साध्या पीपीऐवजी) पीपीसीपी (पीपीचा कोपॉलिमर) घ्या, मेल्ट फ्लो १० ते २० मधला, म्हणजे धक्का थोडा सोसला जाईल. तंतू ३ ते ५ मिलिमीटर कापून वाळवा, नीडरवर ३ टक्के एमएपीपीबरोबर पाच-दहा किलोचा घाणा काढा आणि त्याच्या जोडीला तसाच घाणा टाल्कचाही काढा. दोन्हींच्या चाचणीपट्ट्या पाडून ताण, वाकणं, आयझॉड (धक्का सोसण्याची चाचणी) आणि पाणी शोषण एवढ्या चार चाचण्या एनएबीएल मान्यतेच्या लॅबमधून करून घ्या. पाणी शोषण एका दिवसाचं नको, महिनाभराचं मागा. तंतूचा घाणा टाल्कच्या घाण्यापुढे कुठे सरस आहे, हे कागदावर दिसल्याशिवाय रावेरला यंत्र घ्यायला कोणाला सांगू नका.

आणि पुन्हा प्रश्न टाकाल तेव्हा चार गोष्टी लिहा: वाळवल्यानंतरचा ओलावा, वितळलेल्या मालाचं सुईने मोजलेलं तापमान, पीपीची ग्रेड, आणि मोडलेल्या पट्टीचा भिंगातून काढलेला फोटो. मोबाईल भिंगाला टेकवला की पुरेसा स्पष्ट येतो.